त्या दोन चौकोनांत काय लिहिलं होतं

आणि वर मलाच सांगते, काकी, तुला बरं वाटावं म्हणून केलं. अगं, मग आधी विचारायचं होतंस. माझ्या घरात, माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरवर, मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात जुनं काढून नवं घालून मोकळी झाली...

अंकिता म्हणजे माझ्या शीतलची कॉलेजची मैत्रीण. इथलीच, गोव्यातल्या चोपडे गावची. परवा रविवारी पार्श्याला आमच्याकडे आली होती. तिचं मन चांगलं आहे, ते मी नाकारत नाही. पण चांगल्या मनाची माणसं कधीकधी असं काही करून ठेवतात की वैऱ्याला जमणार नाही.

शीतल एक गेम खेळायची. खेळायची म्हणजे वाचायचीच. त्यात शाळेतल्या मुलींची चित्रं, खाली त्यांचं बोलणं, मधेच दोन चौकोन येतात, त्यातला एक दाबायचा. जो दाबाल तशी गोष्ट पुढे जाते. दिसायला गुलाबी गुलाबी, पण आतून भीतीचा. भूत वगैरे नाही... मुलींच्या डोक्यात काहीतरी बिघडत जातं, ती भीती.

सगळं इंग्रजीत. मी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेली, मला काय कळणार. संध्याकाळी पोदेर पाव देऊन गेला की शीतल कॉम्प्युटर लावायची आणि मी जनेलाच्या उजेडात काजूगर सोलत बसायची. ती मला आपल्या भाषेत सांगायची. मी म्हणायची, त्या पोरीच्या आईला कळवा कोणीतरी. ती हसायची. "आये, गेमात आयो नसतत गो."

गेमच्या सुरुवातीला तिने आपलं नाव घातलं होतं. म्हणून त्यातली मोठ्या डोळ्यांची मुलगी दर चार वाक्यांनी तिला नावाने हाक मारायची. मला इंग्रजी येत नाही, पण शीतल हे नाव इंग्रजीत कसं दिसतं ते येतं. तिच्या सगळ्या सर्टिफिकिटांवर आहे.

एके दिवशी दोन चौकोन आले आणि तिने कॉम्प्युटर बंद केला. काय विचारलंय म्हटलं तर म्हणाली, "पुरे आज. माका इचार करूक होयो. फाल्या वाचया." उद्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी ती नव्हती.

दहाव्याला कावळा शिवेना. सगळ्यांनी काय काय सांगून बघितलं... धाकट्या बहिणीला शिकवू, तुझी सायकल विकणार नाही. कावळा माडावरच. शेवटी मी पुढे झाले आणि म्हटलं, तुझा तो गेम मी पुरा करीन. तेव्हा शिवला. लोक बघत होते, काय बघायचं ते बघोत.

पण कुठला चौकोन दाबायचा? कोणाकडून वाचून घ्यायचा धीर होईना. वाचलं की संपलं. मग देवळात गेले आणि गुरवाला म्हटलं प्रसाद लाव, मूर्तीवर चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली तर वरचं, डावी पडली तर खालचं. तो म्हणाला, "वरचां म्हणजे कितें?" मी म्हटलं, तुला काय करायचंय, देवाला कळतं. उजवी पडली. वरचं.

तरी दाबलं नाही. दाबलं आणि पुढे गेम संपला तर तिचं नाव कुठे बघायचं? रोज संध्याकाळी लावायचे, ते दोन चौकोन आणि त्यांच्यावर तिचं नाव बघायचे, बंद करायचे. असं अकरा महिने.

आता अंकिताने ऐकलं की त्या गेमची नवी सुधारलेली आवृत्ती आली आहे. चित्रं जास्त, गाणी जास्त, त्या मुलींच्या नव्या गोष्टी. स्वतःच्या पगारातून विकत घेऊन आली. कॉम्प्युटरात जागा नव्हती म्हणून जुना काढला... शीतलने जपून ठेवलेल्या सगळ्यासकट. "जुनो कित्याक होयो, काकी? ह्येच्यात सगळां आसा."

सगळं आहे. पहिल्याच पानावर विचारतो, तुझं नाव काय.

ती गेल्यावर मी सर्टिफिकीट समोर ठेवून एकेक अक्षर शोधून शीतल घातलं. मग ती मोठ्या डोळ्यांची मुलगी आली आणि हसली. आधी कोणी भेटलंच नव्हतं अशी हसली. तिच्याबरोबर माझ्या मुलीने किती संध्याकाळी घालवल्या, आणि हिला ओळख नाही. मला त्या गेमची भीती कधी वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

पेडण्याचा कॉम्प्युटरचा दुकानवाला म्हणतो, गेलं ते गेलं. आणि कमेंटमध्ये मला कोणी सांगू नका की नव्यातही तोच प्रसंग येईल, तिथपर्यंत खेळा. तिथपर्यंत शीतल तिच्या वाटेने गेली होती. कुठे काय दाबलं ते तिलाच माहीत.

अंकिताला मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले. ती रडली. तेव्हापासून फोन उचलत नाही. बोलले ते मागे घेते. तू तिची आठवण काढून आलीस, बाकीच्या मैत्रिणी तर वाट विसरल्या.

पण एक सांगते अंकिता, चहा टाकता टाकता मी दारातून बघितलं, तेव्हा कळलं नाही तू काय करतेस. जुना काढायच्या आधी तू स्क्रीनसमोर थांबलीस. तुझे ओठ हलत होते. तू ते वाचलंस.

सोमवारी शीतलचं वर्षश्राद्ध आहे. मी पान घेऊन माडाखाली उभी राहणार आणि कावळ्याला काय सांगणार? फोन नको उचलू, इथेच खाली लिही, मराठीत लिही, मी वाचीन. तिला काय विचारलं होतं, आणि वरच्या चौकोनात काय होतं... रविवार संध्याकाळपर्यंत मला उत्तर पाहिजे.