भिंगावरचं गंध

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत असताना मी एक कॅमेरा घेतला. महायुद्ध संपलं होतं आणि विलायती माल बाजारात पुन्हा दिसायला लागला होता. मिटला की पेटी, उघडला की काळ्या चामड्याचा भाता पुढे घेऊन येणारा असा तो कॅमेरा. दुकानदार म्हणाला, "बाई, भिंग निळं दिसून राहिलं ना, तो डाग नाही. लेप आहे. नवीनच निघालं आहे. त्याच्यानं फोटो साफ येते." मी भिंग कलतं करून पाहिलं. कबुतराच्या मानेवर असतो तसा निळाजांभळा रंग त्यावर खेळत होता. पोटाला चिमटा घेऊन साठवलेलं सगळं मी तिथंच ओतलं आणि वर्षभराच्या गॅरंटीचं कार्ड जपून पिशवीत ठेवलं. बाईमाणसाला कॅमेरा कशाला, असं शाळेतल्या एकीनं विचारलं. मी म्हटलं, बाईमाणसाला डोळे असतात म्हणून. मी तेव्हापासूनच तोंडाळ.

आमचं घर अमरावतीला. बाबा भिक्षुकी करत. सत्यनारायण, लग्नमुंजी तर होत्याच. पण कापसातली सरकी काढणारे जे जिन होते, त्यांच्या मालकांना दसरा-दिवाळीला यंत्रांच्या पूजेसाठी बाबाच लागत. बाबांनी पूजा केली की वर्षभर पट्टा तुटत नाही, असा त्या लोकांचा विश्वास. बाबा हसून म्हणत, "पट्टा तेलानं टिकते, माझ्यानं नाही." पण त्यांना ते ऐकायला आवडायचं, हे आम्हाला ठाऊक होतं.

त्या वर्षी नवरात्रात मी कॅमेरा घेऊन घरी गेले. आल्या आल्या बाबांना तो उघडून दाखवला, मिटून दाखवला, पुन्हा उघडून दाखवला. मिरवायची हौस, दुसरं काय! खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा असते. आमच्याकडे हत्यारं ती कसली? विळी, कोयता, अडकित्ता आणि भावाची सायकल. बाबांनी पाटावर सगळं मांडलं आणि मला म्हणाले, "तुझंबी काही ठेव." मी मोठ्या ऐटीत कॅमेरा ठेवला, मिटलेला, आणि आईला मदत करायला स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर कॅमेरा उघडा. भात्याच्या घडीत झेंडू खोचलेला, वर अक्षता, आणि भिंगाच्या बरोब्बर मधोमध चंदनाच्या गंधाचा ओला टिळा.

मी किंचाळलेच. बाबा दचकले आणि चूक झाली असं वाटून घाईघाईनं उपरण्याच्या टोकानं भिंग पुसायला लागले. गंध निघालं. त्याच्याबरोबर निळा रंगही निघाला. हरभऱ्याएवढा गोल ठिपका पांढरा पडला होता, बाकी भिंग निळंच.

"उघडला काहून तुमी?" मी ओरडले.

"देवाचं तोंड झाकून पूजा करते का कोणी?" बाबा म्हणाले. "तुझा जीव याच्यात आहे, म्हणून मधोमध लावलं."

आता हे ऐकून कुणीही विरघळलं असतं. मी नाही विरघळले. ओसरीवर एका जिनचे मालक बाबांना न्यायला येऊन बसले होते, त्यांच्या देखत मी म्हणाले, "चाळीस वर्षं गंध लावून राहिले, पण कशाले लावावं न कशाले नाही, एवढंबी कळत नाही तुमाले?"

बाबांनी तबक उचललं आणि मालकांबरोबर निघून गेले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी दसऱ्याचं सोनं वाटायलासुद्धा घराबाहेर पडले नाही.

सुटी संपल्यावर मी कॅमेरा घेऊन दुकानदाराकडे गेले. त्यानं भिंग डोळ्याजवळ नेलं, लांब धरलं, चुकचुकला. मग गॅरंटीचं कार्ड वाचून दाखवलं. पडला, पाण्यात भिजला, वाळू गेली, कुणी खोलला, तर कंपनी जबाबदार नाही. बनावटीतच खोट असेल तर मुंबईची कचेरी फुकट दुरुस्त करून देईल. "तुमी लिहा, आपोआप निघालं म्हणून," तो म्हणाला. "कंपनीले काय दिसते?" मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटला. मी झकास इंग्रजीत मसुदा केला. 'वापरात असताना भिंगावरचा लेप आपोआप गेला. बनावटीचा दोष उघड दिसतो.' उघड दिसतो, हे तर मला फारच आवडलं होतं.

पुढच्या रविवारी घरी गेले तेव्हा तो मसुदा भावाला ऐकवत होते. बाबा पलीकडे पोथी बांधत बसले होते. म्हणाले, "मराठीत सांग." मी सांगितलं.

"याच्यात मी कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमी नाहीच. म्हणून तर भिंग फुकट भेटंल."

"मग हे पत्र जाणार नाही," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्यांचा तो स्वर आम्हा सगळ्यांना माहीत होता. त्यांनी दौत मागवली आणि स्वतः मराठीत लिहिलं. कन्येच्या यंत्राला मी पूजेत गंध लावलं, ओलं असता वस्त्रानं पुसलं, त्यामुळे रंग गेला, दोष माझ्या हाताचा आहे, तरी जो खर्च होईल तो कळवावा. खाली पूर्ण सही. मी माझा मसुदा फाडला आणि चडफडत त्या पत्राचं भाषांतर करून दोन्ही कागद कॅमेऱ्याबरोबर पार्सलात घातले. गॅरंटी गेली खड्ड्यात, असं पोस्टाच्या खिडकीपाशी मोठ्यानं म्हणालेसुद्धा.

दिवाळीपर्यंत उत्तर नाही. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच जिनचे मालक आमच्या ओसरीवर आले. मी दारातच होते.

"महाराज," ते संकोचून बाबांना म्हणाले, "काल मशिनीले गंध नाही लावलं तुमी. भिंतीले लावलं. माणसं विचारून राहिले, काही अपशकुन आहे का?"

बाबा उजव्या हाताच्या अनामिकेकडे पाहत बसले. गंध लावायचं ते बोट. मग म्हणाले, "अपशकुन नाही, शेठ. मशीन तुमची लाखाची. मलेच आता या हाताचा भरोसा नाही राहिला."

मी आत जाऊन पाण्याच्या माठाशी उभी राहिले. कॅमेऱ्याचं काय व्हायचं ते होवो, पण हे मी केलं होतं. चाळीस वर्षं ज्या हातावर लोकांचा विश्वास होता, तो हात मी एका वाक्यात लुळा केला होता. क्षमा मागायला दोनदा ओसरीवर गेले आणि दोनदा भलतंच काही बोलून परत आले. तोंडाळ माणसाला नेमकं ते एक वाक्य येत नाही.

कार्तिक संपता संपता शाळेच्या पत्त्यावर पार्सल आलं. वर्गातच फोडलं. भिंग पुरतं निळं, एकसारखं, जणू आत्ताच बनवलेलं. सोबत इंग्रजी चिठ्ठी होती आणि तिच्या मागच्या बाजूला दुरुस्ती करणाऱ्या कारागिरानं मराठीत लिहिलेल्या काही ओळी. त्या वाचल्या आणि मला शनिवारपर्यंत दम निघेना. हेडबाईंना कारण सांगितलं, त्या हसल्या आणि अर्धी रजा दिली. बडनेऱ्याला गाडी बदलून दिवेलागणीच्या आत घरी पोचले. पायसुद्धा धुतले नाहीत.

"बाबा, ऐका," म्हणत वाचायला लागले. कारागिरानं लिहिलं होतं की त्या खेपेच्या मालात लेपच कच्चा बसला होता. नुसत्या रुमालानं पुसला तरी जात होता. असे बरेच कॅमेरे परत आले. प्रत्येकानं लिहिलं, आपोआप गेला. 'ते खरंच होतं, पण आम्ही कुणावर विश्वास ठेवला नाही. आपलं पत्र आल्यावर वाटलं, हा माणूस उगाच स्वतःवर दोष घेणार नाही, म्हणून गंध उगाळून त्या खेपेच्या आणि दुसऱ्याही नव्या भिंगांवर लावून पुसून पाहिलं. चांगल्या भिंगाचं काही झालं नाही, कच्च्याचा रंग लगेच गेला. तेव्हा खोट कंपनीला मान्य करावी लागली. सगळ्यांची भिंगं बदलून दिली. आपल्याला नमस्कार.'

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. आई दारात येऊन उभी राहिली. तिसऱ्यांदा भावानं वाचलं.

"म्हणजे माझ्या हातानं नाही गेलं."

"नाही, बाबा."

"म्हणजे तुझं खोटं तेच खरं होतं, न माझं खरं होतं ते खोटं!" आणि बाबा हसायला लागले, मांडीवर थाप मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दोन महिन्यांत घरात तसं कुणी हसलं नव्हतं. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. मी इतकी सुखावले की कॅमेरा कुठे ठेवला तेही आठवेना.

मग बाबा सावरून बसले. "त्या कारागिराले उत्तर लिही. माल कच्चा होता, कबूल. पण ओलं फडकं मीच फिरवलं. अर्धी चूक त्याची, अर्धी माझी."

"न माझी?" मी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हसू अजून चेहऱ्यावर होतंच.

"तू ओरडली, बाई. ते कोणत्याच गॅरंटीत बसत नाही," ते म्हणाले. "ते घरीच दुरुस्त करा लागते. बस इथं."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि जे वाक्य दोन महिने येत नव्हतं, ते बोलले.