डायपर काकांविरुद्धचा ठराव

डायपर काकांना शहाण्या मुलांचा मनस्वी राग होता. नातवासाठी लायब्ररीतून आणलेलं पुस्तक ते माझ्यासमोर आपटायचे. "हे बघ! अस्वल सॉरी म्हणतंय! अस्वल! अरे, मग माणसांनी काय करायचं?"

हे नाव त्यांना आमच्या रविवारच्या मराठी शाळेतल्या पोरांनी दिलं. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला मुलाकडे राहायला येताना काकांनी बॅगेत लोणची-पापड आणले नव्हते. पुण्यात लहानपणी रद्दीवाल्याकडून जमवलेली ब्रिटिश कॉमिक्स आणली होती. त्यांत वर्षानुवर्षं चाललेली एक चित्रमालिका: डायपर बांधलेलं, धड चालताही न येणारं एक पोर आणि त्याच्यापुढे टेकीला आलेले पोलीस, पाद्री, शेजारणी. काकांनी त्याचं बारसं करून खंडू नाव ठेवलं, इंग्रजी संवादांवर मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर्गात वाचायला घेतलं. "मेल्या, सोड माझी मिशी!" असं ओरडायला मिळतंय म्हटल्यावर पोरं मराठीवर तुटून पडली.

"भांडता आलं की भाषा आली," काका म्हणायचे. "प्लीज-थँक्यू काय, पोपटही म्हणतो."

मग एका आईची मेल आली: कंटेंट अयोग्य आहे. शाळेचा सेक्रेटरी मी, कमिटीची मीटिंगही माझ्याच बेसमेंटमध्ये. वडे गरम होते आणि ठराव लांबलचक, म्हणून तो मी वाचलाच नाही. सगळ्यांचे हात वर गेले तसा माझाही गेला. दुसऱ्या हातात वडा. मिनिट्स टाइप करताना कळलं, आपण काकांचा वर्ग कॅन्सल केलाय! तेव्हा तरी तोंड उघडावं? छे! मी शुद्धलेखन तपासलं आणि सेंड केलं.

माझी आठ वर्षांची सई काकांच्याच वर्गात. "जेवलीस का?" म्हटलं तर "येस" म्हणणारी. ती ताटावरून उठून कडाडली, "बाबा, तुला लाज नाही वाटत? काकांनी तुझं काय घोडं मारलं होतं?" क्षणभर मी मूर्खासारखा खूश झालो. दोन अख्खी वाक्यं, मराठीत! मग त्यांचा अर्थ पोचला.

माफी मागायला गेलो, तर काका चिठ्ठ्या अलगद सोडवत बसले होते. "इथे काय बोलतोस? तिथे बोलायचं होतंस!" ते भडकले. "एवढा मोठा बाप्या, आणि खंडूइतकी हिंमत नाही!"

दोन महिन्यांनी ते भारतात परतले, कायमचे. नेवार्कच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. कॉमिक्स त्यांनी सईला दिली. मला हात जोडून एवढंच म्हणाले, "सांभाळ तुझी कमिटी."

आता वर्गात पोरं "हे कमळ आहे" म्हणतात आणि घड्याळ बघतात. परवा कमिटीपुढे नवा ठराव आला: मुलांना मराठीची गोडी लागावी म्हणून उपाय शोधणे. हात वर व्हायला लागले आणि माझं डोकं फिरलं.

"उपाय होता!" मी ओरडलो. "आपणच त्याला हाकलला! मी धरून!"

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "अरे, जरा टोन..."

मिनिट्समध्ये मी माझं ओरडणं जसंच्या तसं, उद्गारचिन्हांसकट लिहिलं आणि सगळ्या पालकांना सेंड केलं.