डॉक्टरांनी सांगितलेला मुनगा

डॉक्टरांनी मुनगा सांगितला आणि मी सोनाराकडे गेले. मूंगा म्हणजे पोवळं, एवढं हिंदी साताऱ्याहून जबलपुरात नांदायला येऊन मी शिकले होते. त्यापुढचं राहिलं होतं.

आमच्या चेरीताल मोहल्ल्यातले डॉक्टर नाडी बघायच्या आधी म्हणत, "ताटाचा रंग सांगा." सर्दी असो, खरूज असो, पहिला प्रश्न हाच. आम्ही बायका वाटेतच उत्तर जुळवायचो. न केलेल्या पालकाच्या भाज्या त्या दवाखान्यात फार शिजल्या.

गोवर होऊन गेलेली माझी तीन वर्षांची पोर दिवेलागणीला भिंतींवर आपटायला लागली. तिला घेऊन गेले.

"ताटाचा रंग?"

"पांढरा," मी तोऱ्यात म्हणाले. महिनाभर मऊ भात, साबुदाण्याची पेज, आरारूट. गृहविज्ञानाची पदवीधर होते मी. आजारी पोराला रंगीत काही सोसत नाही, हे माझं स्वतःचं संशोधन.

"काहून उपाशी ठेवून राहिल्या, वहिनी? 'अ' जीवनसत्त्व संपलं की आधी संध्याकाळ दिसत नाही. मग बुबुळ सुकतं, अन् दिवसही जातो." त्यांनी चमचाभर पिवळं औषध पाजलं. "उद्या परत आणा. आणि मुनगा चालू करा."

दुसऱ्या दिवशी पोरीच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात पोवळं. डॉक्टर असून ग्रह मानतात, म्हणून माझा आदर वाढला होता.

त्यांनी पोवळं बघितलं. मिशी जराशी थरथरली. दुसरा चमचा पाजून ते म्हणाले, "मुनगा म्हणजे तुमचा शेवगा. त्याचा पाला वरणात घाला, वरून तूप. अच्छा, हे राहू द्या, छान दिसते."

आता तोच पाला मोरिंगा नावाने डबीत येतो आणि माझी लेक तो मोबाइलवरून मागवते. डॉक्टर गेले. दवाखान्याच्या जागी मोबाइलचीच कव्हरं मिळतात.

तेव्हा मात्र पंधरवडाभर मी पोरीला शेवगा, लाल भोपळा, पपई भरवली. रात्री तिच्या उशाशी बसून मी कुठल्या कुठल्या देवांना काय कबूल केलं, ते सांगत नाही. तिसऱ्या चमच्याला डॉक्टरांनी मुद्दाम तिन्हीसांजेला बोलावलं आणि बत्ती लावली नाही.

"बेटा, कोपऱ्यातल्या माझ्या चपला आण बरं."

मला तो कोपरा धड दिसत नव्हता. पोर गेली आणि दोन्ही चपला छातीशी धरून आली. "एकीचा अंगठा तुटलाय," म्हणाली.

मी पदर तोंडाला लावला. डॉक्टरांनी बत्ती लावली, तिचे डोळे नीट तपासले, गळ्यातल्या पोवळ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"पोरीचे डोळे वाचले, वहिनी. आता हसून घेऊ काय?"