दहाचा पाढा

"दस का पहाड़ा आता है? सुनाओ."

साहेबांनी हे मला विचारलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. डिप्लोमा झालेली. त्याच लॅबमध्ये तीन वर्षं काढलेली. केबिनचं दार सताड उघडं. आत एका कारखान्याचे मालक चहा पीत बसलेले, बाहेर मशीनपाशी सहा माणसं. सगळ्यांना ऐकू जात होतं.

मी म्हटला. दस एकम दस. दस दूनी बीस. हात मागे बांधून, शाळेत उभं करावं तशी. मालक हसले. साहेब त्यांना म्हणाले, "देखिए, कोटे वालों को भी दस तक तो आता ही है."

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. शंभरापर्यंत गेले. ती लाज माझी आहे, ती मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

झालं होतं ते असं. जयपूरच्या विश्वकर्मा इंडस्ट्रियल एरियात आमची लॅब. साखळ्या, हुक, दोर, पट्टे आमच्याकडे येतात आणि आम्ही ते ओढून तोडतो. किती जोराला तुटलं ते लिहून देतो. त्या दिवशी त्याच मालकांच्या कारखान्यातून उंचावर काम करणाऱ्यांचे कमरपट्टे आले होते. चारशे पट्ट्यांचा ट्रक बाहेर सीकर रोडच्या उन्हात उभा, त्यातला एक नमुना आमच्या मशीनमध्ये. पट्ट्यानं पंधरा हजार न्यूटनचा ताण सोसला पाहिजे, असा नियम.

आता आमचं मशीन जुनं. त्याची तबकडी किलोत बोलते आणि कागद न्यूटन मागतो. एक किलोचा भार म्हणजे नऊ पूर्णांक एक्क्याऐंशी शतांश न्यूटन. पण लॅबमध्ये सगळे सरळ दहानं गुणतात. शून्य लावलं की काम झालं. शाळेच्या परीक्षेत दहा चालतात, प्रश्नपत्रिकेवरच तसं छापलेलं असतं. पण पट्ट्याला माणूस लोंबकळतो तेव्हा प्रश्नपत्रिका नसते.

पट्टा पंधराशे बारा किलोला तुटला. शिवणीत. शून्य लावलं तर पंधरा हजार एकशे वीस, पास. नीट गुणलं तर चौदा हजार आठशे बत्तीस. नापास. एकशे अडुसष्ट न्यूटन कमी, म्हणजे सतरा किलो. माझ्या खोलीच्या शेजारची पहिलीतली मुलगी तेवढ्या वजनाची आहे.

मी नीट गुणलं. मशीन चालवणारे भंवरजी माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी हळूच सांगितलं, "मैडमजी, दस से कर दो. बरसों से यही चल रहा है." मी कागद तसाच आत नेला. आणि मग पाढा.

साहेब मराठी. वडील बँकेत होते, बदलीवर जयपूरला आले आणि विद्याधर नगरात घर बांधून राहिले. मी नोकरीला लागले तेव्हा पहिला आठवडाभर साहेब माझ्याशी मराठीत बोलले. "अगं, परक्या मुलखात आपलं माणूस भेटलं." घरून थालीपीठ आणलं माझ्यासाठी. शुक्रवारी त्यांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते ऐकून समाधान झालं नसावं, म्हणून गाव विचारलं, गावात घर कुठल्या बाजूला तेही विचारलं. तेवढ्यात टेबलावरचा माझा मोबाइल वाजला आणि पडद्यावर फोटो उजळला. कोट, चष्मा, हातात जाडजूड पुस्तक. तो फोटो कुणाचा हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

सोमवारपासून साहेब माझ्याशी हिंदीत बोलायला लागले. ओरडले नाहीत, हाकललं नाही. फक्त मराठी काढून घेतली. एखाद्यानं पुढ्यातलं ताट उचलून न्यावं तशी. आणि मी काय केलं? कागदावर सही करताना आडनाव गाळायला लागले. नुसती आद्याक्षरं. तीन वर्षं.

पाढा म्हणून झाल्यावर जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडलाच नाही. गेटबाहेरच्या चहावाल्यापाशी जाऊन गावी फोन लावला.

"बाबा, तुम्ही टॉवरवर चढायचात तेव्हा तुमचं वजन किती होतं?"

"असंल पन्नास-बावन. हत्यारं धरून सत्तर. कामून गं?"

"असंच."

"आवाज असा कामून यायलाय? कोणी काही म्हणलं का?"

"नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझा बाप परभणीकडचा. ठेकेदाराकडे होता, विजेच्या टॉवरवर. मी सातवीत असताना त्याचा पट्टा शिवणीत उसवला आणि तो खाली आला. जगला. कंबर गेली. चौकशीचा कागद घरी आला, तो मीच त्याला वाचून दाखवला, कारण त्याला अक्षर येत नाही. पट्टा तपासणीत पास. अपघात कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. बापानं तो कागद पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाला, "सही कोणाची हाय?" मी पाहिलं. नुसता एक फराटा होता. वाचता येत नव्हती.

चहावाल्यापाशी उभी असताना तो फराटा माझ्या डोळ्यांपुढे आला. आणि लगेच माझी आद्याक्षरं. मला माझीच शिसारी आली. तीन वर्षांत मीही शून्य लावलं होतं. किती कागदांवर, देव जाणे. त्या दिवशीच नीट गुणायची बुद्धी झाली, कारण पट्टा शिवणीत तुटला होता. साखळी असती तर मीही दहानंच गुणलं असतं. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे.

चार वाजता साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात नवा छापलेला दाखला. मालक दारात उभे, घड्याळ बघत.

"जेवलीस का गं?" साहेब म्हणाले. मराठीत.

मी वर पाहिलं.

"सकाळचं मनावर घेऊ नकोस. मी सगळ्यांचीच चेष्टा करतो. इथे आपणच आपल्या माणसाला सांभाळायचं असतं. कर सही."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. तीन वर्षांनी कुणीतरी समोर उभं राहून जेवलीस का विचारत होतं. मग दाखल्यावर नजर गेली. १५१२० न्यूटन. पास.

मी उठून उभी राहिले. "साहब, जो कहना है हिंदी में कहिए. सुबह भी हिंदी में कहा था. सब सुनें."

मशीन बंद झालं. मी मूळ कागद उचलला आणि वाचला, बापाला वाचून दाखवला होता तसाच, मोठ्यानं. "पंद्रह सौ बारह किलो. चौदह हज़ार आठ सौ बत्तीस न्यूटन. पंद्रह हज़ार चाहिए. फेल."

मालक भंवरजींकडे वळले. "क्यों भई, काँटा कहाँ था?"

भंवरजींनी हात पुसायला वेळ लावला. "पंद्रह सौ बारह पर ही था, सेठजी." एवढंच बोलले.

साहेब माझ्याजवळ झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "शेवटी जात दाखवलीसच."

हे मात्र मराठीत.

ट्रक भरलेलाच परत गेला. दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये तो पास झाला असेल. झालाच असेल, कुणीतरी शून्य लावलं असेल. मला मशीनवरून काढलं. आता नमुन्यांना चिठ्ठ्या बांधते, मागच्या खोलीत, पंख्याशिवाय. भंवरजी दिसले की मान खाली घालतात, त्यांनाही काहीतरी ऐकावं लागलं असणार. बापाला मी अजून काही सांगितलेलं नाही.

जुने कागद त्याच खोलीत ठेवलेले असतात. माझ्या आद्याक्षरांचे. मी एकेक काढून नीट गुणते आहे. जो नापास निघेल तो ज्याच्याकडे गेला त्याला कळवते, माझ्या नावानिशी. नोकरी जाईल. जाऊ दे.

त्या दिवशी फेल लिहिलेल्या कागदाखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. सातवीतल्या पोरीला वाचता येईल अशा अक्षरात. यापुढे माझी सही तीच.