भूकंप अक्का

अक्का गोष्ट वाचायला बसल्या की आधी टेबलावरचे स्टीलचे पेले वाजायला लागत. टेबल त्या खालून गुडघ्यांनी हलवत आणि चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा शांत ठेवत. खणखणाट सुरू झाला की पोरं किंचाळत टेबलाखाली घुसत. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या इमारतीत त्यांना सगळे भूकंप अक्काच म्हणत.

त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. यजमानांचं चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. मराठी बोलता बोलता त्या मध्येच कानडी मिसळून "स्वल्प सरक की, थोडं" म्हणायच्या. मुलगी जपानात. ती तिथली लहान मुलांची चित्रांची पुस्तकं पाठवायची, आणि अक्का मागवायच्या ती सगळी भूकंपाची. "नातू राहतो तिथली जमीन हलते. आजीला माहीत नको?" जपानी अक्षर त्यांना एकही येत नव्हतं. चित्रं बघून गोष्ट त्या स्वतःच रचायच्या, त्यामुळे ती रोज बदलायची. जमिनीखालच्या लठ्ठ माशाला काल खाज सुटली म्हणून धरणी हललेली असायची, तर आज त्याला उचकी लागलेली. पोरं तक्रार करत, "अक्का, काल वेगळं होतं."

"काल चष्मा नव्हता," अक्का सांगायच्या.

आम्ही पुण्याहून इथे आलो तेव्हा माझी ईरा पाच वर्षांची होती. त्याआधीच्या सुट्टीत डोंगरात फिरायला गेलो असताना भूकंपानं आमचं हॉटेल हललं होतं. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून ईरा बूट घालूनच झोपायची. समजावलं, रागावले, खाऊचं आमिष दाखवलं, बूट उतरेनात. अशा मुलीला भूकंपाची पुस्तकं दाखवायची म्हणजे मला धडकीच भरली. अक्कांना हे सांगितलं, तर त्या खूश झाल्या. "हुशार आहे की पोरगी. हे बघ, चित्रात पलंगापाशी बूट आहेतच. फक्त पायात नाहीत, खाली आहेत."

दुसऱ्या दिवशी ईरा माझी ओढणी धरून त्यांच्या दारातच उभी राहिली. अक्कांनी तिला आत ओढलं नाही. पुस्तक उघडून म्हणाल्या, "आज माझे गुडघे दुखतायत. भूकंप कोण करणार? ईरा, तू कर ग."

ईरानं टेबलाला आधी एक बोट लावलं. पेला जरासा किणकिणला. मग दोन्ही हात लावले. मग तिच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. पेले जमिनीवर, पोरं टेबलाखाली आणि त्यांच्यामागोमाग सत्तरीच्या अक्काही. "थांबव ग बाई," त्या आतून म्हणत होत्या आणि ईरा हसून हसून वाकडी झाली तरी थांबत नव्हती. अखेर भूकंप दमला, पोरं बाहेर आली. अक्कांना मात्र येता येईना. शेवटी वॉचमनला बोलावलं आणि आम्ही दोघांनी टेबलच त्यांच्यावरून उचललं. खाली अक्का फतकल मारून बसलेल्या, हसून हसून डोळ्यांत पाणी. "सरी, बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता कुणीतरी कॉफी करा."

त्या दिवशी झोपताना ईरानं बूट काढले आणि पलंगापाशी जोडीनं ठेवले.

पुढे मुलीनं अक्कांना कायमचं जपानला नेलं. निघताना पोरांनी त्यांची टॅक्सी धरून गदागदा हलवली. ड्रायव्हर वैतागला, अक्का मात्र आत दोन्ही हात डोक्यावर घेऊन, शिस्तीत वाकून बसल्या होत्या.

काही महिन्यांनी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे खरा भूकंप झाला होता.

"भीती वाटली, अक्का?" ईरानं विचारलं.

"वाटली की. खूप वाटली. नातवाचा हात घट्ट धरला. तो म्हणाला, आजी, मी आहे ना."

"मग?"

"मग थांबलं. दोघांना भूक लागली होती, भात लावला."