पट्टीखालचा दिवा

क्विल्पी गावाच्या पश्चिमेला गुरांची अकरा फार्मं, आणि त्या सगळ्यांचं टपाल नेणारी एकटी लिओना ड्रेटन. एकोणीस वर्षांत एक खेप चुकली नाही तिची. पुराच्या साली टपालाच्या थैल्या डोक्यावर घेऊन ओढा पार केला होता. ड्रेटनांची हाडंच तशी. पटत नसेल तर गावात कोणालाही विचारा.

तिच्या गाडीला सायलेन्सरचा नवा जाड पाइप बसवला थोरल्या भावानं, रॉयसनं. स्वतःच्या हातानं, एका रविवारात. आवाज असा खणखणीत, की लांबून ऐकूनच फार्मवाले चहाचं आधण ठेवायचे. उष्णता अडवणारा जुना पत्रा नव्या पाइपाला बसेना, तो त्यानं काढून फेकला. दुसऱ्याच दिवशी इंजिनचा पिवळा दिवा लागला.

"हे काय रे, रॉयस?"

"काही नाही गं. नवा पाइप बघून गाडी बावचळलीय. गावात कोणाचा दिवा लागत नाही, सांग बघू!" त्यानं काळी चिकटपट्टी फाडून दिव्यावर दाबली. "घे, झाली दुरुस्ती."

खोटं नव्हतं ते. गावातल्या निम्म्या गाड्यांत तशीच पट्टी होती.

त्या एप्रिलात पाऊस होऊन गेला होता. गवत कमरेएवढं वाढून वाळलेलं, रस्त्याच्या दोन चाकोऱ्यांमधेसुद्धा माजलेलं. शेजारच्या सीटवर म्हातारा अल्बी मॅकाय. मोडलेलं खुब्याचं हाड बसवून दवाखान्यातून घरी निघालेला, दोन कुबड्या मांडीवर.

गाडी अचानक थरथरायला लागली. मग वास आला, सडक्या अंड्याचा.

"अल्बी, तू काय खाल्लंस रे?"

"माझ्या नावावर खपवू नकोस, बये! वास तुझ्या गाडीचाय."

लिओनानं नखानं पट्टी सोलली. दिवा नुसता लागलेला नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे पेट्रोल इंजिनात न जळता पाइपात जाऊन जळतंय, पाइप लाल होतोय. किती वेळ लुकलुकत होता, देव जाणे.

"थांबव ना मग," अल्बी म्हणाला.

"कुठं थांबवू? खाली वाळलं गवत आहे, तापला पाइप टेकला की पेटेल."

अल्बीनं कुबड्या घट्ट धरल्या. त्याला पळता येणार नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढं चार किलोमीटरवर चिकणमातीचं उघडं मैदान होतं, गवताची काडी नसलेलं. तिथवर जायचं तर पाइप आणखी तापणार. तिनं पाय हलका केला, गाडी रांगवली. हात एवढे घामेजले की स्टिअरिंग सटकत होतं. तिसऱ्या किलोमीटरला पायाखालून धूर यायला लागला.

"लिओना, मला इथं टाक आणि तू पळ."

"तोंड बंद ठेव, म्हाताऱ्या. एक खेप चुकली नाही माझी, तुझीही चुकायची नाही."



मैदान आलं. तिनं इंजिन बंद केलं, अल्बीच्या काखांत हात घालून त्याला फरफटत वीस पावलं लांब नेऊन बसवलं. तो कळवळला, शिव्या दिल्या, पण कुबड्या सोडल्या नाहीत. मागं वळून पाहते तर गाडीच्या पोटाला अडकलेलं गवत जळत होतं. तिनं मागून पिण्याच्या पाण्याचा कॅन काढला, टपालाची रिकामी थैली भिजवून गाडीखाली सरपटली. गरम वाफेनं मनगट भाजलं. थैली दाबून धरली, विझेपर्यंत.

मग गाडीतल्या वायरलेसवर रॉयसला गाठून सगळं सांगितलं. बोलायला कधी न थांबणारा रॉयस एवढंच म्हणाला, "निघालो."

भीती मात्र संपली नव्हती. जळतं गवत वाटेत कुठं पडलं असलं तर? एक ठिणगी, आणि अख्खा मुलूख पेटला असता. ओली थैली घेऊन ती आल्या वाटेनं चालत निघाली, चाकोऱ्यांमधली काडीन् काडी बघत. दीड किलोमीटरवर सापडलं: ताटलीएवढा काळा डाग, कडेनं गवत करपलेलं. तिनं हात ठेवला. कोमट होतं. आपलं आपणच विझलेलं.

तिनं तरीही त्यावर थैली पिळली. मग ती तिथंच चाकोरीत बसून राहिली, रॉयसच्या गाडीचा आवाज येईपर्यंत.