अनवाणी पायांचं रेस्टॉरंट

इंग्लंडमधल्या स्लाऊचे आमचे शेजारी, रिटायर्ड डॉक्टर, मेन्यू बघून रेस्टॉरंट कधीच निवडत नाहीत. फ्रान्समधल्या समुद्रकाठच्या एका गावात आम्ही दोघं जेवायला जागा शोधत होतो, तेव्हाही ते प्रत्येक टेबलाखाली वाकून बघत होते.

"अहो, लोक बघतायत," मी म्हणालो.

"बघू देत. लोक बूट काढून जेवतात ना, ती जागा रिलॅक्स्ड असते. आणि स्वस्तही."

शेवटी एका गल्लीतल्या अंगणात सगळेच अनवाणी जेवताना दिसले. आम्ही बसलो. एका आजीबाईंनी आमच्याकडे टक लावून बघितलं आणि मग मासे वाढले. बिल मागितल्यावर त्या हसत सुटल्या.

"हे माझं घर आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी मात्र बाह्या सरसावून सगळी भांडी घासली आणि हात पुसत त्यांना विचारलं, "उद्याचं टेबल मिळेल?"